अंजनाने परत दिलेला हंडा

खरे बोलणे पुण्याचे असते, यात संशय नाही. परंतु अर्धे खरे, ते कितीही निर्मळ मनाने बोललेले असो, एखाद्या वेळी कुऱ्हाडीसारखे चालते. ज्याच्या मुखातून ते निघाले, त्याने उरलेले अर्धे शोधून आणायचे असते, आणि वय लहान आहे म्हणून या कर्तव्यातून कोणाची सुटका होत नाही. धामणबारीच्या तुळसावर हे कर्तव्य अकराव्या वर्षीच येऊन पडले.

धामणबारी हे सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेले मेंढपाळांचे छोटेसे गाव. काळ आपल्यापेक्षा थोडा पुढचा. औषधे आणि टपाल तेथे चार पात्यांच्या उडत्या यंत्रांतून येई, आणि मेंढ्यांच्या कानांतील इवल्या बिल्ल्यांवरून कोणती मेंढी कोठे चरते आहे, हे घरबसल्या कळे. पण काळ कितीही पुढे गेला तरी मेंढीला गवत लागतेच. ते गवत मिळे गावाच्या उशाशी पसरलेल्या कुरणातून. कुरण म्हणजे गावाने राखून ठेवलेले गवताळ रान. त्यात पवन्या, मारवेल, कुसळी अशी गवते कमरेइतकी वाढत आणि मधूनमधून अंजनाची झाडे उभी असत. एका झाडाची सावली दुसऱ्याला शिवू नये, इतकी ती दूर दूर होती. ते दाट अरण्य नव्हते, की उघडा माळही नव्हता. गवत आणि वृक्ष यांनी समजुतीने वाटून घेतलेले ते घर होते.

त्या वर्षी पाऊस लवकर निघून गेला. भाद्रपद कोरडा गेला, आणि अश्विन लागेपर्यंत कुरण पिवळे पडू लागले. तेव्हा सभा भरली. शाळेच्या विज्ञान मंडळाने तुळसाला एक रसमापक दिला होता (झाडाच्या खोडातून वर चढणारे पाणी मोजणारे, कमरपट्ट्यासारखे कडे). ते कडे तिने अनेक दिवस थोरल्या अंजनाच्या खोडाला बांधले होते. सभेत उभी राहून तिने सांगितले,

“एक मोठा अंजन दिवसाला चार हंडे पाणी पितो.”

 मग सरपंच उखाभाऊ उठले. त्यांचा कळप गावात सर्वांत मोठा, आणि त्या वर्षी सर्वांत रोडावलेलाही तोच.

“चार हंडे! एक झाड! आणि आमच्या गवताला थेंब नाही. पोरीने डोळे उघडले आपले.”

ठराव झाला. कुरणातले सगळे अंजन तोडायचे. तालुक्याहून करवतीचे स्वयंचलित यंत्र मागवले गेले. झाडांच्या खोडांवर चुन्याचे पांढरे पट्टे ओढले गेले. तुळसाचे नाव घेऊन लोकांनी टाळ्या वाजवल्या.

टाळी वाजवली नाही ती फक्त तिचे आजोबा बाणाजीआबा यांनी. कुरणाची राखण पिढ्यान् पिढ्या त्यांच्याच घराकडे होती. घरी परतताना ते एवढेच म्हणाले, “मोजलंस ते खरंच असेल, पोरी.” आणि त्यानंतर बोलले नाहीत. ते रागावले असते तर तुळसाला बरे वाटले असते.

करवतीचे यंत्र परवा सकाळी येणार, अशी दवंडी फिरली, त्या दुपारी तुळसा एकटीच कुरणात गेली. थोरल्या अंजनाच्या बुंध्याशी ती उभी राहिली. पंख मिटलेल्या फुलपाखरासारखी त्याची जोडपाने वाऱ्यावर हलत होती. वर्षातले पहिले कोकरू जन्मले की त्याला आणून याच झाडाखाली ठेवण्याची रीत होती. त्याच्या खोडावर आता पांढरा पट्टा होता.

तिने मान खाली घातली, आणि तेव्हा तिला ते दिसले. दूरवर कुरण पिवळे होते, पण अंजनाभोवतीचे गवत हिरवे होते. ते एका रुंद कड्यासारखे त्याला वेढून होते. ती दुसऱ्या झाडाकडे धावली. तेथेही हिरवे कडे. तिसऱ्या झाडाशीही तेच.

तुळसाच्या मनात एक कोडे उभे राहिले. एखादा चोर जर रोज चार हंडे पळवत असेल, तर त्याच्या शेजारचेच घर आधी कोरडे पडायला हवे. येथे तर शेजारचे घर भरलेले आणि लांबचे रिकामे!

कुरणाच्या सीमेबाहेर एक निळी मोटार उभी असे. त्या मोटारीतच डॉक्टर गार्गी लोखंडे यांचे घर आणि प्रयोगशाळा होती. मातीतले पाणी कोठून येते व कोठे जाते, याचा त्या अभ्यास करीत. विज्ञान मंडळाला रसमापक त्यांनीच दिला होता. तुळसा त्यांना मावशी म्हणे.

“गार्गीमावशी, मी काहीतरी चुकलेय,” तुळसा धापा टाकत म्हणाली आणि तिने हिरव्या कड्याची गोष्ट सांगितली.

“सावलीमुळे असेल,” असे उत्तर मोटारीच्या आतून आले. ते गार्गीमावशींचे नव्हते. मेजावर अंगठ्याएवढ्या जाडीचे आणि हातभर लांबीचे एक यंत्र वेटोळे घालून पडले होते. मातीत आणि खडकाच्या भेगांत शिरून मुळांच्या वाटेने जाणारा तो यंत्रजीव होता. पृथ्वीच्या पोटात वावरतो, म्हणून त्याचे नाव शेष. “सावलीत ऊन कमी, ऊन कमी तर गवत सुकणार उशिरा. हे मी झोपेतही सांगेन.”

“तू झोपतोस?” तुळसाने विचारले.

“नाही. तरी सांगेन.”

“मग हेही सांग. सावली झाडापासून किती लांब जाते? हिरवं कडं त्याहून कितीतरी लांब आहे. दक्षिणेकडे तर दिवसभर ऊन असतं, आणि तिथेही गवत हिरवं आहे.”

शेषाने आपले वेटोळे आणखी घट्ट केले. गार्गीमावशी हसल्या. “बरा सापडलास. सावलीचा थोडा वाटा असेल, पण सगळं उत्तर सावलीत नाही. तुळसा, तू मोजलेले आकडे दाखव पाहू.”

तुळसाने आपल्या संगणक-पाटीवरील आलेख उघडला. सकाळी रेघ वर चढे, दुपारी सर्वांत उंच जाई, सायंकाळी उतरे आणि मग एकदम तुटे. पुन्हा सुरू होई ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर.

“इथे मध्ये काय आहे?” मावशींनी तुटलेल्या जागी बोट ठेवले.

“काही नाही. रात्र आहे. रात्री कुरणात पाऊल टाकायचं नाही आणि माणसाची वस्तूही तिथे ठेवायची नाही, अशी आमच्याकडे रीत आहे. म्हणून दिवस मावळायच्या आत मी कडं सोडून आणायचे.”

गार्गीमावशींनी त्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवले. “म्हणजे आपण अर्धं झाड मोजलं,” त्या हळू आवाजात म्हणाल्या. “ही चूक तुझ्या एकटीची नाही. तुला कडं देताना मी तुमच्या गावाची रीत विचारली नव्हती.”

“पण रात्री झाड करतं काय? झोपतं ना?”

“ते मला ठाऊक आहे असं मी म्हणेन, तर ती पुस्तकातली गोष्ट होईल. या कुरणातले हे अंजन काय करतात, ते त्यांनाच विचारायला हवं. त्यासाठी शेषाला रात्रभर खाली ठेवावं लागेल.”

तिघेही बाणाजीआबांकडे गेले. शेष तुळसाच्या मनगटाला कड्यासारखा लपेटला होता. आबा सीमेच्या दगडाशी बसून घोंगडीचे सूत उकलत होते.

“रात्री कुरणात पाऊल नाही,” सर्व ऐकून आबा म्हणाले.

“आबा, मला पाय नाहीत,” शेष विनयाने म्हणाला. “पाऊल टाकायचं म्हटलं, तरी मी टाकू शकणार नाही.”

आबांनी त्याच्याकडे रोखून पाहिले. त्यांच्या मिशा हलल्या. “हा तर वकील आहे गं!”

“आणि मी वस्तूही वर ठेवणार नाही. सीमेच्या बाहेरून जमिनीत शिरेन, खालच्या खाली जाईन. कुरणाच्या अंगावर ओरखडासुद्धा उठणार नाही.”

“आबा, ही रीत कशासाठी पडली?” तुळसाने विचारले.

“ते मला कोणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. लांडगे असतील, साप असतील. जमिनीवर अंडी घालणारी पाखरं असतील. माझा आजा रात्री सीमेपाशी थांबायचा, म्हणून मीही थांबतो.” आबांनी सूत बाजूला ठेवले. “जा रे बाबा. पण हळू जा. जिथं जातोयस तिथं आमच्यातलं कोणी कधी गेलेलं नाही.”

सूर्य डोंगरामागे गेला, तेव्हा शेष सीमेच्या दगडाजवळ मातीत शिरला. त्याच्या शेपटीतून सुतासारखी बारीक तार उलगडत गेली. तारेचे दुसरे टोक एका छोट्या पेटीला जोडलेले होते. त्या पेटीतून त्याचा आवाज येऊ लागला.

“मी गवताच्या राज्यात आहे. इथे मुळांचं जाळं आहे, केसांसारखं बारीक. इतकं दाट, की मला वाट मागावी लागते. मात्र हे राज्य फार खोल नाही. पाऊस पडला की ही मुळं सगळ्यांआधी पाणी पितात, भराभर पितात. वरच्या मातीतलं पाणी ऊन घेऊन जाईल, हे त्यांना ठाऊक असावं. आता मात्र इथे माती कोरडी आहे.”

बऱ्याच वेळाने आवाज पुन्हा आला. “गवताची मुळं संपली. हा मुरूम (खडक झिजून झालेली भरड माती). आणि हे थोरल्या अंजनाचं मूळ! माझ्यापेक्षा जाड आहे. मी त्याच्या कडेने उतरतो.”

 तुळसाने पेटी कानाशी धरली.

“काळा पाषाण लागला. पाषाणात भेग आहे, आणि भेगेत अंजन माझ्या आधी शिरलाय. इथे त्याचं मूळ चपटं झालंय, पानासारखं. जागा नव्हती, म्हणून त्याने आपला आकार सोडला, पण वाट सोडली नाही.” शेषाचा आवाज बदलला होता. त्यातील थट्टा गेली होती. “तुळसा, मी अजून उतरतोय. तुमच्या विहिरीच्या तळाच्या खाली आलो. मूळ अजून संपत नाही.”

आबांनी नकळत डोक्याचे पागोटे काढून हातात घेतले.

“ओल,” शेष म्हणाला. “इथे पाषाण ओला आहे.”

“हे पाणी केव्हाचं?” तुळसाने विचारले.

उत्तर गार्गीमावशींनी दिले. “इतक्या खोल झिरपायला पाण्याला वर्षं लागतात. कदाचित तू जन्मायच्या आधी पडलेला पाऊस असेल तो. गवत आजचा पाऊस पितं, अंजन फार जुना पाऊस पितो. दोघांची ताटं वेगळी, म्हणून शेजार टिकला.”

“मग अंजन गवताचे चार हंडे पळवत नव्हता!”

“बहुतांश नाही. पण तुझं कोडं अजून सुटलेलं नाही. तो स्वतःच्या ताटातलं जेवतो, हे ठीक. शेजारी हिरवा कसा राहिला, ते कुठे कळलं?”

शेषाने मुळांच्या बाजूने निरनिराळ्या खोलीवर आपले स्पर्शमणी चिकटवले (ओल जाणणारे, मोहरीएवढे कण). मग तो म्हणाला, “आता घरी जा. मी जागा आहे.”

तुळसा पहाटे तांबडे फुटायच्या आधीच सीमेवर हजर होती. आबा आणि गार्गीमावशी तेथेच शेकोटीजवळ बसलेले होते. पेटीच्या पडद्यावर ओलीची एक नवी रेघ उमटली होती. गवताच्या मुळांजवळची माती रात्रीच्या सुरुवातीला कोरडी होती, रेघ अगदी तळाशी होती. मग मात्र ती वळली आणि पहाटेपर्यंत सावकाश वर चढत गेली.

“पाऊस पडला?” तुळसाने आकाशाकडे पाहिले. आकाशात ढगाचा ठिपका नव्हता.

“दव पडलं असेल,” आबा म्हणाले.

“दव वरून खाली येतं,” शेष म्हणाला. “हे पाणी खालून वर आलं. मी त्याच्या वाटेवरच बसलो होतो. आधी पाषाणातलं मूळ, मग मुरमातलं, मग वरची पसरलेली मुळं, आणि त्यांच्या टोकांतून बाहेर, कोरड्या मातीत. आवाज नाही, धडधड नाही. अंधारात कोणीतरी हंडा भरून आणून दाराशी ठेवावा आणि नाव न सांगता निघून जावं, तसं.”

तुळसाने जमिनीवर तळहात टेकला. तिच्या पायांखाली, ती झोपलेली असताना, एवढे मोठे काम चालले होते आणि गावातल्या कोणालाही त्याचा पत्ता नव्हता.

“पण कसं, मावशी? झाडाला ना मोट, ना पंप.”

गार्गीमावशींनी पाण्याचा तांब्या घेतला. आपल्या रुमालाचे एक टोक त्यात बुडवले आणि दुसरे टोक तांब्याच्या काठावरून सोडून जमिनीवरील सुक्या धुळीत टेकवले. रुमाल हळूहळू भिजत गेला. थोड्या वेळाने धुळीत ओला डाग उमटला.

“पाणी ओल्याकडून सुक्याकडे जातं. वाट मिळाली की झालं. अंजनाचं मूळ ही ती वाट. आता दिवसाचा विचार कर. पानांवर पर्णरंध्रं असतात (पानांवरची सूक्ष्म तोंडं, ज्यांतून झाड हवा घेतं आणि वाफ सोडतं). दिवसा ती उघडी असतात, हवा तापलेली असते, पानं सुकू पाहतात. मग सगळ्यांत सुकं ठिकाण कोणतं?”

“पानं. म्हणून पाणी पानांकडे जातं.”

“तेच तुझ्या कड्याने मोजलं. बाष्पोत्सर्जन म्हणतात त्याला (पानांवाटे पाणी वाफ होऊन बाहेर पडणं). रात्री काय होतं?”

तुळसाने डोळे मिटले. “तोंडं मिटतात. वर ओढणारं कोणी राहत नाही. खाली पाषाण ओला... आणि सगळ्यांत सुकी असते ती वरची माती!” तिने डोळे उघडले. “मुळांच्या भोवतीची. गवताची!”

“याला जलोत्थान म्हणू (खोलातलं पाणी मुळांवाटे रात्री वरच्या मातीत चढणं). शेषा, किती चढलं?”

“या थोरल्या अंजनापाशी, रात्रभरात, जवळजवळ एक हंडा.”

चार हंडे पिणारा अंजन एक हंडा परत ठेवत होता, आणि ज्या वेळी तो ठेवत होता, नेमक्या त्याच वेळी तुळसाचे कडे घरच्या खुंटीवर लटकत असे.

ती उठून निघालीच होती, पण थांबली. “मावशी, सभेत उखाभाऊ विचारतील, ते पाणी गवताने प्यालं कशावरून? कदाचित अंजनच सकाळी परत ओढून घेत असेल.”

गार्गीमावशींनी तिच्याकडे कौतुकाने पाहिले. “काही तो घेतोच. आणि उरलेलं कोण पितं, ते पाण्यालाच विचारू. तुमच्याकडे धान्य उफणतात, तेव्हा काय होतं?”

“भूस उडून जातं, दाणे खाली पडतात. हलकं ते उडतं.”

“पाण्याचे कण दिसायला सगळे सारखे, पण त्यांत थोडे जन्मतःच जड असतात. वरच्या मातीला ऊन लागतं, तेव्हा हलके कण आधी उडून जातात, आणि मागे जड कणांचं प्रमाण वाढतं. पाषाणातल्या पाण्याला ऊन लागलेलंच नाही, तिथे जड कण कमी. म्हणजे प्रत्येक पाण्याला आपली खूण आहे. मूळ पाणी पितं, तेव्हा ती खूण बदलत नाही.”

त्या दिवशी तुळसाने हिरव्या कड्यातील गवताच्या काड्या आणल्या आणि लांबच्या पिवळ्या गवताच्याही आणल्या. गार्गीमावशींच्या कणतुलेत (पाण्याच्या कणांचे जडपण ओळखणारे यंत्र) त्यांच्यातील रस तपासला. पिवळ्या गवतात उन्हाने उफणलेले पाणी निघाले. हिरव्या गवतात त्याच्या जोडीला पाषाणातले पाणी होते. ज्या खोलीवर गवताचे मूळ सात जन्मांत पोचले नसते, तेथले पाणी त्या नाजूक काडीत होते.

तुळसाने ती काडी उजेडात धरली. ती जन्मण्यापूर्वीचा पाऊस तिच्या दोन बोटांमध्ये होता.

“आता आणखी एक गोष्ट,” गार्गीमावशी म्हणाल्या. “ओढ्याकडच्या बाजूला दाटीने लावलेली अंजनाची रोपं आहेत ना? तिथे गवत कसं आहे?”

“तिथे गवत नाहीच,” तुळसा हळूच म्हणाली. “ते सांगायलाच हवं का? ते ऐकून लोक म्हणतील, पाहा, झाडं वाईटच.”

मावशींनी पाटी तिच्यापुढे सरकवली. तुळसाने रसमापकाच्या आलेखातील त्या तुटलेल्या जागेकडे पाहिले, आणि उत्तर तिला तेथे मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी करवतीचे यंत्र येऊन उभे राहिले. पिवळ्या रंगाचे, लांब हातांचे. त्याच्याभोवती गाव जमले. तुळसा सीमेच्या दगडावर चढली आणि तिने शेषाच्या प्रवासापासून गवताच्या काडीपर्यंत सर्व सांगितले.

उखाभाऊंनी कपाळाला हात लावला. “परवा पोरगी म्हणाली, झाडं पितात. आज म्हणते, पाजतात. उद्या म्हणेल, गवतच मेंढ्यांना खातं!”

गाव खदखदून हसले. तुळसा दगडावरून उतरली नाही.

“उखाभाऊ, परवाचंही खरं होतं आणि आजचंही खरं आहे. मी दिवस मोजला होता, रात्र मोजली नव्हती. तुम्ही माझ्या अर्ध्या मोजणीवर यंत्र बोलावलंत. आता पूर्ण मोजणी ऐका.”

“तुला मोजायची एवढी हौस आहे, तर माझ्या मेंढ्यांच्या बरगड्या मोज. लांबून मोजता येतात!” उखाभाऊंचा आवाज चिरकला. त्यात राग कमी आणि भीती अधिक होती, हे तुळसाला कळले.

“म्हणूनच सांगते. अंजन तोडलेत, तर तुमच्या मेंढ्यांना आज जे हिरवं मिळतंय, तेही जाईल. आणि मी सगळं चांगलंच सांगत नाही. अंजन दाट लावले, तर ते वरच्या मातीला रात्री देतात त्याहून जास्त दिवसा त्याच मातीतून घेतात, आणि सावलीने गवत मारतात. ओढ्याकडे तसंच झालंय. तिथली रोपं विरळ करा. पण ही लांब लांब उभी असलेली झाडं पाणी घेतातही आणि देतातही.”

“यंत्राच्या रेघा आम्हाला कळत नाहीत,” उखाभाऊ म्हणाले.

तेव्हा बाणाजीआबा पुढे आले. हातात कुदळ होती. ते थोरल्या अंजनाकडे चालू लागले, आणि गाव त्यांच्या मागे गेले. जेथे झाडाची सावली पोचत नव्हती, पण गवत हिरवे होते, तेथे आबांनी कोपरभर खणले. मातीची मूठ उचलून त्यांनी ती उखाभाऊंच्या हातात दाबली. मातीचा गोळा झाला. मग ते लांब उघड्यावर गेले, तितकेच खोल खणले आणि दुसरी मूठ त्यांच्या दुसऱ्या हातात ठेवली. ती बोटांमधून धुळीसारखी गळून गेली.

उखाभाऊ दोन्ही हात पुढे धरून उभे राहिले. एका तळव्यावर काळसर गोळा होता, दुसरा रिकामा. त्यांनी तो गोळा नाकाशी नेला.

“पावसाचा वास येतोय,” ते म्हणाले.

कोणी हसले नाही.

थोड्या वेळाने उखाभाऊंनी करवतीच्या यंत्राकडे मान वळवली. “ओढ्याकडं न्या त्याला. डॉक्टरबाई सांगतील ती रोपं काढा. बाकीच्याला हात लावायचा नाही.” मग तुळसाकडे न पाहता ते म्हणाले, “आणि ते कडं आता रात्रीही बांधत जा. पुन्हा अर्धं काही सांगू नकोस आम्हाला.”

“रीत?” तुळसाने आबांकडे पाहिले.

आबांनी थोरल्या अंजनाकडे पाहिले. “माणसाने रात्री आत जायचं नाही, हे राहू दे. त्याला त्याचं काम एकट्याने करायचं असेल. पण कडं राहू दे खोडाला. मोजणाऱ्याने डोळा मिटायचा नाही, एवढं मलाही कळलं.”

थोरल्या अंजनावरचा चुन्याचा पट्टा कोणी पुसला नाही. तो पुढच्या पावसात आपोआप धुऊन जाणार होता. शेष मातीतून वर आला, तेव्हा त्याच्या अंगाला पाषाणातली ओल लागलेली होती. गार्गीमावशी त्याला घेऊन आता दुसऱ्या कोरड्या रानांकडे निघणार होत्या. तेथे कोणती झाडे काय घेतात आणि काय परत ठेवतात, हे कोणालाच ठाऊक नव्हते. प्रत्येक रानाला आपापली रात्र असते, आणि ती तेथेच जाऊन मोजावी लागते. निघण्यापूर्वी त्यांनी तुळसाला विचारले, “मोठी झालीस की येशील आमच्याबरोबर?”

“मोठी होईपर्यंत कशाला थांबायचं?” तुळसा म्हणाली, आणि आबांनी हसत तिच्या डोक्यावर टपली मारली.

त्या सायंकाळी दिवस मावळताना आजोबा आणि नात सीमेच्या दगडापाशी आले. कुरण हळूहळू निळे होत होते. अंजनांची जोडपाने स्थिर होती. खोडाला बांधलेल्या कड्यावरचा दिवा काजव्याएवढा लुकलुकत होता. आत कोणी पाऊल टाकले नाही.

आबांनी दगडावर हात ठेवला आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, “घे बाबा, तुला लागेल तेवढं घे. देशील ते या लेकरांना पुरो. खालच्या पाषाणाचं भलं होवो, वरच्या गवताचं भलं होवो, आणि जिने तुला पूर्ण मोजलं, त्या माझ्या पोरीचंही भलं होवो.”

मग दोघेही आवाज न करता घराकडे वळले.